बाएनाच्या तेलाची शाई

सेगोव्हिया, २० जानेवारी १४७२

लोपेदादास मेंसियाचा नमस्कार.

तुझा खेचरवाला दारात आला तेव्हा माझे हात कोपरापर्यंत पिठात होते. तो म्हणाला, "बाई, पत्र घ्या, मला पुढे जायचंय." मी म्हटलं, "दातात देतोस का?" शेवटी त्याने ते खिडकीत ठेवलं आणि मी पाव भट्टीत घालून मगच वाचलं. म्हणून त्यावर पिठाचे डाग आहेत, रडल्याचे नव्हेत. तुला उगाच वाटायचं.

तू लिहितोस, मार्तिनला जाऊन दोन वर्षं झाली, लोकरीचा धंदा मिटला, एवढ्या मोठ्या घरात एकट्या बाईने काय भिंतींशी बोलायचं? घर विकून बाएनाला ये, वरची खोली झाडून ठेवली आहे. दादा, तुझी माया मला कळते. पण तुझ्या दोन सुनांचं पटत नाही आणि मधे बसायला तुला कुणीतरी हवंय, हे मला इतक्या लांबूनही दिसतं. शिवाय हे घर माझं आहे. इथल्या भिंती माझं ऐकतात. तुझ्या घरात माझं कोण ऐकणार?

आणि आता मी एकटीही नाही. घाबरू नकोस, पूर्ण वाच. मार्तिनचं लोकरीचं कोठार एका जर्मन माणसाने भाड्याने घेतलंय. कोनराड त्याचं नाव, सगळे मास्तर म्हणतात. मी विधवा तसा तो विधुर, पन्नाशीचा, अंगाने आडवा, बोलायला थोडका. आपली भाषा तो दगडावरून चालावं तशी बोलतो, एकेका शब्दावर पाय ठेवून. त्याने कोठारात द्राक्षं पिळायच्या घाण्यासारखं एक लाकडी यंत्र उभं केलंय. शिशाचे बारीक खिळे, प्रत्येकाच्या डोक्यावर एक अक्षर, तेही उलटं. खिळे ओळीने जुळवायचे, वर शाई थापायची, कागद ठेवून दाबायचं, की अक्षरं सुलटी उमटतात. मी स्वतः पाहिलं. शाई थापायला कातड्यात लोकर भरलेले गोळे लागतात, ते मी करून दिले. मार्तिनची उरलेली लोकर कामी आली. आता मी ती उलटी अक्षरं सुलट्यासारखीच वाचते. मला वाचायला कुणी शिकवलं नव्हतं, माझी मीच शिकले, त्यामुळे कुठल्या बाजूने वाचायचं याचा हट्टही मला नाही.

बिशपसाहेबांचे कारभारी फादरिके यांनी मास्तरला अट घातली आहे. जूनच्या सुरुवातीला धर्मसभा भरेल आणि गावोगावचे पाद्री जमतील. त्याआधी उपासाच्या नियमांचा एक कागद छापून दाखवायचा. पसंत पडला तर सभेचे सगळे ठराव छापायचं काम मास्तरचं आणि कोठार कायमचं छापखान्याचं. नाही पडला तर त्याने गाडी भरून आल्या वाटेने परत जायचं.

तेव्हा माझीही तीच मुदत धर. मास्तर राहिला तर मी राहीन. तो गेला तर घर विकून तुझ्याकडे येईन आणि तुझ्या सुनांना सरळ करीन.

एकच त्रास आहे. शाईसाठी तो जवसाचं तेल उकळतो. त्या वासाने मांजर घर सोडून गेलंय.

तुझी मेंसिया


बाएना, १२ फेब्रुवारी

मेंसिया,

तुझी मुदत मान्य. जूनपर्यंत खोली कुणाला देत नाही.

पण तुझ्या मास्तरचं मला नवल वाटत नाही. तुझ्या वर्णनावरून त्याचं यंत्र म्हणजे माझा घाणाच. दांडा फिरवायचा आणि दाबायचं. फरक एवढाच की माझ्या घाण्यातून जे निघतं ते खाता येतं.

आणि जवसाचं तेल? आपल्या घरात? बाबा असते तर त्यांनी त्या माणसाला भांड्यासकट रस्त्यावर ठेवलं असतं. जवसाचं तेल दाराला लावतात, गाडीच्या चाकाला लावतात. बिशपसाहेबांच्या हातात जाणाऱ्या कागदाला ते लावायचं म्हणजे पाहुण्याला घोड्याचं खाद्य वाढण्यासारखं आहे. बिचारा जर्मन, त्यांच्याकडे ऑलिव्हचं झाड नसतं, त्याला काय माहीत असणार.

यंदाचं पहिल्या दाबाचं तेल सोबत पाठवतोय, पूर्ण बुधला. हिरवं आहे, घशाला जरा झोंबतं, म्हणजे अस्सल. पाहुण्याला चांगलं ते द्यावं. लोकांनी असं म्हणायला नको की लोपेच्या बहिणीने परक्या माणसाला हलक्या तेलावर काम करायला लावलं.

तुझ्या पत्रात मास्तर फार वेळा येतो. मी फक्त सांगतोय.

लोपे


सेगोव्हिया, १२ मार्च

दादास नमस्कार.

बुधला पोचला. एक थेंब सांडला नाही. उघडला तेव्हा बाएनाची सगळी टेकडी स्वयंपाकघरात आल्यासारखं वाटलं आणि मांजरही परत आलं.

तुझं म्हणणं मला पटलं. योगही जुळून आला. मास्तर कागद आणायला आविलाला गेला. जाताना सांगून गेला, "बाई, तेल उकळा. तार सुटेपर्यंत. मग काजळी, मग राळ." त्याच्या भांड्यात ते जवसाचं पिवळं पाणी होतंच. मी म्हटलं, घरात असं सोन्यासारखं तेल असताना हा माणूस या वासात का म्हणून काम करणार? जवसाचं तेल शेजारच्या ब्रिगिदाला दाराला लावायला देऊन टाकलं आणि तुझं तेल चुलीवर चढवलं. दिवसभर उकळलं. तार म्हणावी तशी सुटेना, तेव्हा राळ जरा सढळ हाताने घातली. काजळी घातल्यावर काळं कुळकुळीत, दाट, चकचकीत झालं. खाली उरलेल्या चमचाभर तेलात मी आपले पावाचे तुकडे परतले.

मास्तर चार दिवसांनी परतला तो डोक्यावर बर्फ आणि नाकात सर्दी घेऊन. शाई पाहिली, बोटाने चोळली आणि म्हणाला, "काळी आहे." त्याच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं. तेलाचं मी काही बोलले नाही. म्हटलं, छापून झाल्यावर सांगू, म्हणजे त्याला आश्चर्य वाटेल.

काल पहिला कागद निघाला. दादा, असं काळंभोर, असं चमकणारं अक्षर मी देवळातल्या मोठ्या पोथीतही पाहिलं नाही. दोरीवर कागद टांगलेत. सगळं कोठार धुणं वाळत घातल्यासारखं दिसतंय. सगळा कागद संपेपर्यंत मास्तर छापत राहणार आहे.

आणि तो जेवायला बसतो म्हणून पत्रात येतो. ताटावर बसलेल्या माणसाला पत्रातून कसं उठवू?

तुझी मेंसिया


बाएना, ४ एप्रिल

मेंसिया,

तुझं पत्र मी घाण्यावर सगळ्यांना वाचून दाखवलं. दोनदा. चमकणारच ते. कुणाचं तेल आहे?

आता गावात कुणी तेल न्यायला आलं की मी आधी विचारतो, "खायला हवं की छापायला?" लोक विचारतात म्हणजे काय, मग मी सगळं सांगतो. आमच्या पाद्रीबाबांनाही सांगितलं की सेगोव्हियाच्या बिशपसाहेबांचा कागद बाएनाच्या तेलावर छापला गेला. ते म्हणाले, "लोपे, गर्व हे पाप आहे." मी म्हटलं, "बाबा, तेल माझं, गर्वही माझा, पाप झाडाचं." धाकट्या सुनेला हसू आलं. तिला हसताना पाहून थोरलीही हसली. तेव्हा तुझ्या मास्तरने माझ्या घरात एक दिवसाची शांतता आणली, हे त्याला सांग.

दुसरा बुधला पाठवतोय. सभेचे ठराव मोठे असतात, तेल कमी पडायला नको. मास्तरला माझ्या नावाने सांग की काटकसर करू नकोस, सढळ हाताने लाव.

लोपे


सेगोव्हिया, २५ एप्रिल

दादास नमस्कार.

दुसरा बुधलाही पोचला. इथे सगळं ठीक आहे. थंडी अजून हटत नाही.

एक सहज विचारायचं होतं. तुझं तेल कापडावर किंवा कागदावर सांडलं तर वाळायला साधारण किती दिवस लागतात? घाई नाही. ब्रिगिदाने सहज विषय काढला होता. तिचं दार चार दिवसांत वाळलं, नख मारलं तर दगडासारखं लागतं, म्हणून आपलं बोलण्यावरून बोलणं निघालं.

उत्तर या खेचरवाल्याबरोबरच पाठव. त्याला जेवायला थांबवू नकोस.

तुझी मेंसिया


बाएना, १६ मे

मेंसिया,

ब्रिगिदाला सांग की बाएनाचं तेल वाळत नाही. कधीच नाही.

असला प्रश्न कुणी विचारावा आणि तोही माझ्या बहिणीने पत्रात लिहावा, याचं मला वाईट वाटलं. वाळतं ते हलकं तेल. आपल्या आजोबांच्या हातून देवघराच्या पायरीवर तेल सांडलं होतं, तो डाग आजही बोट लावलं तर ओला लागतो. माझ्या लग्नातला सदरा पेटीत आहे, त्यावर सांडलेलं तेल माझ्या नातवाच्या लग्नापर्यंत तसंच राहील. हीच तर खूण आहे. ब्रिगिदाला म्हणावं, तुझं दार कुरतडत बस.

सभा जवळ आली. खोली अजून रिकामी आहे, पण आता ती तुला लागेल असं वाटत नाही. कागद पाहून कारभारी काय म्हणाले ते लगेच कळव. घाण्यावर सगळे वाट बघतायत.

लोपे


सेगोव्हिया, १४ जून

दादास नमस्कार.

आधी बस. घाण्यावर वाचून दाखवू नकोस. आधी एकट्याने वाच, मग काय सांगायचं ते ठरव.

तुझं पत्र वाचून मी खूप हसले आणि मग जरा रडलेही. या वेळचे डाग पिठाचे नव्हेत. पण ते येण्याआधीच आम्हांला कळून चुकलं होतं. कागद वाळले नाहीत, दादा. महिना गेला, वाळले नाहीत. मास्तरने कोठारात शेगड्या लावल्या. म्हणाला, सेगोव्हियाची थंडी. मग म्हणाला, आविलाचा कागद. प्रत्येक अक्षराभोवती तेलाचं पिवळं कडं आलं आणि बोट लावलं की सबंध ओळ बोटावर. रोज सकाळी तो दोरीखाली उभा राहायचा आणि कागद कमी, मला बघायचा, कारण मी त्याच्याकडे बघत नव्हते.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती ब्रिगिदाचं दार पाहून. तुला पत्र लिहिलं ते तेव्हाच. मग उत्तराची वाट पाहवेना. एका दुपारी मी उरलेल्या शाईचं भांडं आणि तुझा बुधला दोन्ही मास्तरपुढे ठेवले आणि म्हटलं, "हे त्यात घातलंय. तुमचं जवसाचं शेजारणीच्या दाराला गेलं."

त्याची सर्दी तोवर बरी झाली होती. त्याने भांड्याचा वास घेतला. मग बुधल्याचा. मी म्हटलं, आता हा माणूस गाडी जुंपणार. त्याने काय करावं? टोपलीतला पाव मोडला, बुधल्यातलं तेल वाटीत ओतलं, तुकडा बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा. मग म्हणाला, "बाई, हे फार चांगलं आहे. पुस्तकाला नको. मला द्या."

आणि हसायला लागला. इतके महिने तो घरात आहे, मी त्याला हसताना ऐकलं नव्हतं. आवाज रिकाम्या पिंपासारखा आहे.

पण हसून कागद वाळत नाही. नवं जवसाचं तेल लेओनहून यायचं होतं, तेही सभेनंतर. नवा कागद घ्यायला हातात काही उरलं नव्हतं. कारभाऱ्यांना काय दाखवणार? मास्तरने खिळे पेटीत भरायला घेतले आणि मी मनातल्या मनात तुझ्या त्या वरच्या खोलीत माझी पेटी कुठे ठेवायची ते बघायला लागले.

ते ओले कागद ब्रिगिदा मागायला आली. तिला गुरुवारच्या बाजारात मेंढीचं चीज विकायचं होतं. म्हणाली, "तेलाचा कागद चीजला चांगला. फेकूनच देणार आहात ना?" मास्तरने हात हलवला, घेऊन जा म्हणून. तिने एकेक चीज एकेका कागदात गुंडाळलं. सभेला आलेले पाद्री त्याच बाजारात फिरत होते. प्रवासातलं माणूस चीज घेतंच.

शुक्रवारी सकाळी कारभारी फादरिके आले. मागे दोन पाद्री, एक डोंगरावरचा, एक खालच्या गावचा, दोघांच्या काखेत एकेक चीज, कागद केव्हाच फेकलेला. कारभाऱ्यांनी विचारलं, "हे कुणाचं काम?" ब्रिगिदा अंगणातच होती. तिचं बोट माझ्याकडे आधी वळलं, तोंड मागून उघडलं.

डोंगरावरचा म्हणाला, "माझ्या चीजवर लिहिलंय. काल नव्हतं. चेटूक आहे."

खालचा म्हणाला, "याने माझ्यावरून उतरवलंय. आधी माझ्यावर आलं."

"चीजवरून चीज कोण उतरवतं, बाबा?"

"तुमच्या गावात काय काय चालतं, मला ठाऊक आहे."

कारभारी म्हणाले, "सकाळपासून हे चाललंय. माझं डोकं उठलंय." आणि त्यांनी दोन्ही चीजं माझ्या टेबलावर ठेवली.

शाई चीजला लागली होती, दादा. कागदावरची सुलटी अक्षरं चीजवर उलटी उमटली होती. त्यांना वाचता येईना. मला खिळ्यांची सवय, मी सरळ वाचून दाखवलं: उपासाच्या दिवशी व प्रत्येक मोठ्या सणाच्या आदल्या दिवशी मांस, अंडी, लोणी व चीज वर्ज्य.

डोंगरावरचा पाद्री म्हणाला, "म्हणजे हे स्वतःच सांगतंय की मला खाऊ नका."

"तुम्ही खाल्लंत का?" कारभाऱ्यांनी विचारलं.

"कडेकडेने."

पण कारभारी आता त्याच्याकडे बघत नव्हते. ते चीजवर वाकले होते. एका अक्षराचं शेपूट तुटकं होतं, तो खिळाच तसा आहे. दुसऱ्या चीजवरही त्याच जागी तेच तुटकं शेपूट. ते ब्रिगिदाला म्हणाले, "उरलेली आण." तिने आणली. बाकावर ओळीने मांडली. सगळ्यांवर तीच ओळ, त्याच जागी, तेच शेपूट. कारभारी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले.

मग ते बसले आणि म्हणाले, "बाई, मी चार नकलनवीस बसवतो, तर चार तऱ्हेचे उपास निघतात. गेल्या वर्षी एकाने एक ओळ गाळली. डोंगरावरचं गाव उपाशी बसलं आणि त्याच दिवशी खालच्या गावाने बकरं कापलं. अजून त्यांची बोलाचाल नाही, हे पुढ्यातच उभे आहेत बघा." दोघे पाद्री खाली बघायला लागले.

"मास्तर," कारभारी म्हणाले, "तुमचा कागद ओला आहे. तो मला नको. पण सगळीकडे एकच चूक करणारं यंत्र मला पाहिजे. एकच चूक मी एकदाच दुरुस्त करीन. वाळेल असं कधी छापाल?"

मास्तरने माझ्याकडे पाहिलं आणि दगडावरून चालत उत्तर दिलं, "लेओनचं तेल येईल. बाई त्याला हात लावणार नाहीत. मग वाळेल."

काम मिळालं, दादा. सभेचे सगळे ठराव. लेओनहून पिंप निघालंय. मांजर पुन्हा जाईल, जाऊ दे.

आता राहिलं तुझ्या खोलीचं. मास्तरने परवा विचारलं की कोठाराचं भाडं देत राहायचं की घरचंच माणूस व्हायचं. मी म्हटलं, दादाला विचारते. विचारते म्हणजे कळवते.

सोबत त्यातलंच एक चीज पाठवतेय, मुरायला लागलंय, वाटेत चांगलं होईल. तुझ्या तेलाने छापलेलं जगात एवढंच उरलंय. बाकीची खाल्ली गेली.

रागावू नकोस. रागावलास तरी उत्तर पाठव.

तुझी मेंसिया


बाएना, २० सप्टेंबर

मेंसिया,

रागावलो होतो. म्हणून उशीर.

घाण्यावर लोक विचारत, "लोपे, बिशपसाहेबांचा कागद वाळला का?" मी म्हणायचो, वाळतोय. पाद्रीबाबा रोज तिथून जाताना थांबायचे आणि काहीच न बोलता पुढे जायचे. त्यांनी बोललेलं परवडलं असतं. शेवटी काल मी सगळं खरं सांगून टाकलं. लोक इतके हसले की घाण्याचा बैल दावणीत उठून उभा राहिला. आणि मग कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणाला, "काही म्हणा, सेगोव्हियाच्या कारभाऱ्यांना पटलं ते लोपेच्या तेलामुळेच. वाळलं असतं तर चीजला लागलं असतं का?" मेंसिया, मी त्याला बुधला भरून दिला. आता मी सगळ्यांना हेच सांगतो, तूही तिकडे तसंच सांग.

मास्तरने पावाला लावून खाल्लं हे वाचून माझा अर्धा राग तिथेच गेला. भांड्याचा वास घेऊन जो माणूस भांडण्याऐवजी पाव मोडतो, त्याच्याबद्दल मला आणखी काही विचारायचं नाही. तू विचारलंस म्हणून सांगतो: होय. कळवलंस म्हणून सांगतो: बरं. खोली आता धाकट्या सुनेला दिली आहे. त्यामुळे थोरलीशी तिचं पटायला लागलं, मधे एक जिना आहे. तुम्ही दोघं आलात तर माझी खोली घ्या, मी घाण्यावर झोपेन. ऑलिव्ह उतरवून झाले की मीच आधी येईन. तेल आणीन. फक्त पावासाठी, कोठाराच्या दारात पायसुद्धा ठेवणार नाही.

आता चीजबद्दल. अक्षरं अजून आहेत, जरा पुसट झालीत. मला ती काही केल्या वाचता येईनात. नातवंडांनी उलटं धरून पाहिलं, सुनांनी डोकं खाली करून पाहिलं. मग मी ते घाण्यावर नेलं. मोठ्या रांजणात गाळून ठेवलेलं तेल होतं, अगदी निवांत. दिव्यापाशी मी चीज त्यावर धरलं आणि वाकून पाहिलं. आत सगळी ओळ सरळ, सुबक, तुटक्या शेपटासकट. तुझ्या मास्तरला सांग की बाएनाच्या तेलात छापलेलं बाएनाच्या तेलातच वाचता येतं.

मी ते मोठ्याने वाचलं. उपासाच्या दिवशी व प्रत्येक मोठ्या सणाच्या आदल्या दिवशी मांस, अंडी, लोणी व चीज वर्ज्य.

उद्या संत मातेओचा मोठा सण आहे. आणि वाचायला सोपं जावं म्हणून अर्धं चीज मी आज सकाळीच खाऊन घेतलं होतं.

तुझा दादा,
लोपे